बायडाबाईचं वेढ्याचं दुकान

निपाणीला तंबाखूचा वास येतो, हे निपाणीच्या माणसाला दुसऱ्यानं सांगावं लागतं. कोल्हापूरहून बसनं आलेला पाहुणा स्टँडवर पाय ठेवतो आणि नाकाला रुमाल लावतो, तर त्याला न्यायला आलेला माणूस विचारतो, काय झालं? बायडाबाईला तर तो वास उभ्या जन्मात कधी आला नव्हता. आठव्या वर्षी आईनं तिच्या हातात कात्री दिली, दहाव्या वर्षी मांडीवर सूप दिलं. पुढं लग्न झालं, माहेरची गल्ली सुटली, एक मुलगी झाली, ती मोठी होऊन कागलात नांदायलाही गेली, तरी मांडीवरचं सूप काही उतरलं नाही.

बिडीचं काम दिसायला सोपं असतं, आणि दिसायला सोपी असलेली सगळी कामं करतात ती बायकाच. टेंभुर्णीचं पान ओल्या फडक्यात मऊ करायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडून बंद करायचं आणि दोऱ्याचा वेढा मारायचा. एवढं होईपर्यंत तोंडानं गल्लीतल्या चार घरांची उणीदुणी काढून व्हायला हवीत, नाहीतर हात चालत नाहीत. दिवस कलला की माल घेऊन कंत्राटदाराच्या मेस्त्रीपुढं रांग लावायची. मेस्त्री बिड्या बोटांनी दाबून बघायचा आणि न आवडलेल्या बाजूला फेकायचा. त्याला म्हणायचे छाट. छाट बिडीचे पैसे मिळत नसत आणि बिडीही परत मिळत नसे, ती जायची कुठं हे मेस्त्रीला ठाऊक. बायडाबाईला त्या शब्दाची मनापासून चीड होती. तिच्या बिड्या छाटीत फार जात नसत, पण शेजारणीची गेली तरी हिचं तोंड कडू व्हायचं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात तिला खोकला लागला तो थांबेना. आडुळसा झाला, सुंठ झाली, कुणीतरी सांगितलेला अंगाराही झाला. शेवटी नवरा तिला डॉक्टरकडं घेऊन गेला. हा नवरा म्हणजे मायाप्पा, तंबाखूच्या वखारीतला हमाल. पाठीवर पोतं असलं तरी तोंड मोकळं ठेवणारा माणूस. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, "बाई, तंबाखू सोडा."

"मी खाईत न्हाय आन् वडतबी न्हाय," बायडाबाई म्हणाली.

"नाकानं आत जाते ती. धूळ बसलीय छातीत. आता सुपापुढं बसाल तर पुढच्या पावसाळ्यात जिना चढता येणार नाही."

मागच्या अंगणात बायका हे ऐकून हसल्या. त्या अंगणात पाचसहा जणी रोज सूप घेऊन बसत. बायडाबाईची थोरली जाऊ सुलाबाई त्यांची पुढारी. तिच्या जिभेला धार होती, आणि ती धार ती कुणावरही फुकट चालवून दाखवायची. ती म्हणाली, "मासळीला म्हनावं पानी सोड. डाक्टरला काय जातंय सांगाया?"

मायाप्पा हसला नाही. तो म्हणाला, "सोड म्हंजे सोड. पर मग तू करनार काय गं?" तो टोचून बोलत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं, आणि बायडाबाईलाही कळत नव्हतं. एका हमालीवर घर चालायचं नाही हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. तिनं आपले हात पुढं धरून पाहिले. या हातांना बिडीखेरीज काही येतं का, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला, आणि उत्तर सुचेना म्हणून ती घाबरली.

उत्तर आलं ते गल्लीतल्या अंबूकडून. अंबू म्हणजे भावकू आप्पांची नात, दहा वर्षांची, आणि दिवाळीत त्यांच्या दारात जो मातीचा किल्ला होई त्याची एकटी मालकीण. मुलगे माती कालवत, दगड आणत, आणि ही कमरेवर हात ठेवून हुकूम सोडत असे. मागच्या दिवाळीत ती बायडाबाईकडं येऊन शिडी मागून गेली होती. बायडाबाईनं बिड्या वळता वळता खराट्याच्या काड्या घेऊन, बिडीच्या दोऱ्यानं गाठी मारून, वीतभर शिडी करून दिली होती. तीच अंबू आता नवरात्राच्या आधीच दारात हजर झाली.

"बायडाक्का, औंदा तीन शिड्या पायजेत. आन् तोफ येती का करायला?"

"शिड्या कशाला एवढ्या? मावळं जिन्यानं चढत्यात की."

"आक्का, शिडी मावळ्यास्नी न्हवं. वेढा घालनाऱ्यास्नी," अंबूनं शहाण्या माणसानं खुळ्याला समजवावं तसं सांगितलं. "पर आमच्याकडं वेढा घालायला मानसंच न्हाईत."

आणि हे खरंच होतं. दिवाळी जवळ आली की कोल्हापूरहून मातीचे मावळे यायचे, रंगवलेले, भालेवाले, घोड्यावरचे. महाराज सिंहासनावर बसायचे, खाली पायरीपायरीला मावळे. गल्लोगल्ली किल्ले, आणि एकाही किल्ल्याला शत्रू नाही. मावळे बिचारे चार दिवस ढाल-तलवार उगारून समोरच्या गटाराकडं बघत उभे असत. शत्रू कोण विकणार आणि कोण विकत घेणार?

बायडाबाईनं मापातून उरलेलं पान उचललं. वरून निमुळतं वळलं, तोंड दुमडलं तर फेटा झाला. कमरेला लाल दोऱ्याचा वेढा मारला तर शेला झाला. काडीनं चुन्याचे दोन ठिपके दिले तर डोळे झाले. अंबूनं तो शिपाई हातात घेतला आणि घरी गेली ती मुलांची पलटण घेऊनच परतली.

त्या आठवड्यात मायाप्पानं रस्त्याकडच्या खिडकीचे दोन गज काढले आणि खोक्याची फळी बसवली. भिंतीवर चुन्यानं लिहिलं, 'इथे वेढा मिळेल'. मग खाली बसून विडा लावत बायकोला म्हणाला, "तुळशीच्या लग्नापतूर बघू. चाललं तर चाललं. न्हाय तर मग..."

"न्हाय तर सूप हायच," बायडाबाईनं वाक्य पुरं केलं. 

माल ती मागच्या अंगणातच करी. एकटीनं बसून काम करायची सवय तिला कुठली? सुलाबाईच्या सुपाला सूप लावून बसायचं, तीच गाऱ्हाणी, तोच हशा. फक्त आता हिच्या सुपात शिपाई पडत. शिवाय सोडाबाटलीच्या बुचांच्या चाकांवर पानाच्या तोफा, पानांचे तंबू, काड्यांच्या शिड्या. त्या दिवसांत सुलाबाईचं एक नवंच गाऱ्हाणं सुरू झालं होतं, तिची तंबाखू पुरेना. कंत्राटदार पानं आणि तंबाखू मोजून देई, त्यात ठरलेल्या बिड्या व्हायलाच हव्यात. सुलाबाईच्या कमी भरू लागल्या. मेस्त्रीनं चार माणसांत विचारलं, "तंबाखू खातीस काय गं आता?" सुलाबाई घरी येऊन डाव्या हाताला बसणाऱ्या तानीबाईकडं संशयानं बघू लागली. बायडाबाईनं जावेची बाजू घेतली आणि तानीबाईला दोन शब्द सुनावलेसुद्धा.

विक्रीचं आधी काही खरं नव्हतं. येणारेजाणारे थांबत, शिपाई उचलत, विचारत, "कुनाचं सैन्य हे?" कुणाचं म्हणून सांगणार? या गावात भाषेवरून, हद्दीवरून माणसं आधीच कातावलेली. मायाप्पानं तोडगा काढला. तो राज्याच्या हद्दीकडं हात करून सांगे, "कोगनोळीच्या नाक्यापलीकडचं." ऐकणारा हसे आणि फळीवर परत ठेवून जाई. आपण आपले मावळे घ्यावेत, पदरचे पैसे घालून शत्रू कशाला आणावा, असा साधा हिशेब. बायडाबाई खिडकीतून बघत राही. खोकला आला की तोंडावर पदर धरी, गिऱ्हाइकानं ऐकू नये म्हणून.

पण अंबूनं आपला किल्ला वसुबारसेलाच मांडला. खाली चहूबाजूंनी वेढा, तंबू, तोफा, तटाला लागलेल्या शिड्या. वर मावळे तेच, पण आता त्यांच्या उगारलेल्या तलवारीला काही अर्थ आला. लोक उभे राहून बघू लागले. शेजारच्या गल्लीतल्या मुलांनी ते पाहिलं आणि आपल्या किल्ल्यावर येऊन पाहिलं तर तिथले मावळे त्यांना रिकामटेकडे वाटू लागले. मग काय, आयांच्या पदराला ओढ बसली. नरकचतुर्दशीच्या सकाळपर्यंत फळी रिकामी झाली, आणि बायडाबाईनं त्या दिवशी फराळाचं करताना स्वतःशीच ओवी म्हटली. मायाप्पानं ती ऐकली आणि ऐकली नाही असं दाखवलं.

आणि मग पाडवा उजाडला.

पाडव्याला दुकानं बंद. भावकू आप्पा अभ्यंगस्नान करून, करंजी खाऊन, दारातल्या किल्ल्याशेजारी येऊन बसले. जन्मभर वखारीत पोती वाहिलेला हा म्हातारा, आणि फराळावर बिडी नाही म्हणजे त्याच्या लेखी सण झालाच नाही. खिसे चाचपले, कोनाडा पाहिला, बिडी नव्हती. समोर वेढा होता. आप्पांनी सहज म्हणून एक शिपाई उचलला, नाकाशी धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचे भाव उमटले. त्यांनी फेट्याकडून काडी लावली.

शिपाई उत्तम ओढला गेला. आप्पांनी आघाडीची फळी संपवली, आणि मनानं मोठा माणूस असल्यामुळं समोरच्या नागोजीला हाक मारून उजवी बगलही दिली. नागोजीनं आपल्या घरच्या किल्ल्याची वाट धरली. त्यानं मेहुण्याला सांगितलं, मेहुण्यानं आणखी कुणाला. दुपार होईपर्यंत तीन गल्ल्यांतले वेढे उठले. गडावर एकही मावळा पडला नाही आणि शत्रू धूर होऊन गेला, असा विजय कुणाला मिळाला नसेल.

मुलं मोर्चा करून खिडकीशी आली. पुढं अंबू, डोळे रडून लाल.

"आक्का, आप्पानं आमचं समदं सैन्य वडलं."

"वडलं म्हंजे?"

"बिडी वडत्यात तसं वडलं."

मायाप्पा हसता हसता खाली बसला. गल्ली हसली, आया हसल्या, ज्यांच्या घरचे वेढे शिल्लक होते त्यांनी लगबगीनं आत नेऊन ठेवले. बायडाबाई मात्र हसली नाही. तिनं अंबूच्या हातातला एक वाचलेला शिपाई घेतला आणि पान उलगडलं. आत चिमूटभर तंबाखू होती, बेताची, सारखी पसरलेली, मेस्त्रीनंसुद्धा नाव ठेवलं नसतं अशी. दुसरा उलगडला, त्यातही तीच. आपण ती कधी घातली हे तिला आठवेना. पान पसरायचं, डावीकडं हात न्यायचा, चिमूट उचलायची, वळायचं. तीस वर्षं हात हेच करत आले होते, आणि तोंड गप्पांत असताना त्यांनी तेच केलं होतं. डावीकडं सूप होतं सुलाबाईचं.

सुलाबाई पुढं आली, बायडाबाईच्या तळव्यावरची तंबाखू बोटानं चाळवली. "ही माझी," ती एवढंच म्हणाली.

"आक्का, मला कळलंच न्हाय गं. शप्पत. हातानं घातली."

"मी तानीवर आळ घेतला. तूबी माझ्याबरुबर तिला बोललीस." सुलाबाई वळली आणि आत निघून गेली. जिचं तोंड कधी मिटत नसे ती न भांडता गेली, याचंच बायडाबाईला भय वाटलं. लाजही वाटली. आणि त्याहून खोल एक गोष्ट तिला टोचली. डॉक्टर म्हणतो सोड, नवरा म्हणतो सोड, पण हे हात सोडणार नाहीत. आपण सुपाच्याच आहोत, दुसऱ्या कशाच्या होणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं.

भाऊबिजेच्या दिवशी सकाळी ती आधी तानीबाईच्या दारी गेली आणि तिची माफी मागून आली. मग अंगणात जाऊन बसली, सूप मांडीवर घेतलं, सुलाबाईपुढं हात केला. "आक्का, तुझी जेवढी गेली तेवढ्याच्या बिड्या वळून देते. मेस्त्रीकडं माझंबी नाव परत घाल."

सुलाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग हात लांबवून तिच्या मांडीवरचं सूप ओढून घेतलं.

"ऊठ."

"आक्का..."

"ऊठ म्हनते न्हवं. तुझ्या हाताला शेजारी सूप दिसलं की त्यो तंबाखू उचलनार. हात काय तोडायचा हाय? बसायची जागा बदल. खिडकीशी जाऊन बस, एकटी. मातीचा गोळा घिऊन बस. आन् हिकडं पाऊल टाकू नगंस, माझी तंबाखू वाचंल."

सुलाबाईला जावेची माया होती की तंबाखूची, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बायडाबाई उठली आणि पुढच्या खोलीत खिडकीशी जाऊन बसली. तिकडं मागं हशा पिकायचा आणि इकडं ही एकटी. पहिले दिवस तिला घर सोडून परगावी आल्यागत वाटलं. तंबाखू सोडायची म्हणजे त्या बायकाही सोडायच्या, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तिनं कामाची रीतच उलटी केली. आधी पान काडीवर रिकामंच वळायचं, फेटा दुमडायचा, शेला बांधायचा, आणि मग सगळे शिपाई उलटे करून खालून ओली माती ठासायची. माती वाळली की शिपायाला बूड आलं. पूर्वी वाऱ्यानं लवंडायचे ते आता ताठ उभे राहू लागले.

तिकडं अंबूनं आजोबांचा न्याय केला होता. ओढलेलं सगळं सैन्य त्यांनी भरून द्यायचं, आणि वर शिक्षा म्हणून शत्रूच्या बाजूनं खेळायचं. भावकू आप्पा मुकाट्यानं खिडकीशी आले. एक शिपाई उचलून सवयीनं ओठाशी नेला आणि थबकले.

"आत काय घातलंयस गं?"

"माती."

"चांगलं पान वाया घालवलंस बग," आप्पा हळहळले, पण त्यांनी सैन्य घेतलं.

खेळ असा तयार झाला. खेळायला दोघं, एक गडावर, एक खाली. चिंचोके फोडून त्यांचे फासे केलेले, जेवढे पांढरे पडतील तेवढ्या पायऱ्या शिडी चढायची, सगळे काळे पडले की गडावरून धोंडा. तीन शिपाई बुरुजावर पोचले तर गड पडला. खालच्याकडं दाणागोटा म्हणून मूठभर चिंचोके, दर डावाला एक खर्च. ते संपले तर वेढा उठला. धोंडा लागून पडलेल्या शिपायाचं काय करायचं यावर घोळ झाला. मायाप्पा म्हणाला, "त्यात काय, छाट. बाजूला फेकायचा."

"माझ्या दुकानात छाट न्हाय," बायडाबाई म्हणाली. ती इतक्या ठामपणे बोलली की मायाप्पानं विडा चघळायचा थांबवला. "पडला तर तंबूत जाईल. एक डाव निजंल. मग उठून परत शिडीला लागंल."

"आसं कुठं लढाईत आसतंय व्हय?"

"लढाईत नसंल. हितं हाय."

भावकू आप्पा अंबूकडून हरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरले. मग त्यांना ते जिव्हारी लागलं. ते नागोजीला घेऊन आले, सराव म्हणून. नागोजी वखारीतल्या जुन्या सोबत्यांना घेऊन आला. बघता बघता खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर मातीचा एक गड उभारून निवृत्त हमालांचा अड्डाच बसला. दिवाळी सरली, किल्ले मोडले, मुलांच्या शाळा लागल्या, आणि मुलांसाठी काढलेलं दुकान म्हातारे चालवू लागले. प्रत्येकाला स्वतःचं सैन्य हवं, स्वतःच्या रंगाचा शेला हवा. "माझ्यास्नी हिरवा दोरा बांध, बायडा, नागोजीच्यात मिसळत्यात." ज्यांनी जन्मभर दुसऱ्याची पोती वाहिली ते सेनापती झाले आणि एकमेकांच्या दाणागोट्याची चौकशी करू लागले. भावकू आप्पा दर हरल्यावर कानडीत "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणत उठायचे, आणि पाणी पिऊन परत बसायचे.

तुळशीचं लग्न लागलं. अक्षता पडल्या, ऊस वाटला. मुदत संपली होती, आणि बायडाबाई मायाप्पा काय बोलतो याची वाट बघत होती. तो ऊस खाऊन निजायला गेला. दुसऱ्या दिवशी वखारीतून येताना मात्र डोक्यावर मोडक्या खोक्यांच्या फळ्या घेऊन आला आणि खिडकीपुढची फळी रुंद करायला बसला.

"हे कशापायी?" तिनं विचारलं.

"माल मावंना झालाय न्हवं," तो खिळा दातात धरून म्हणाला. तिला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला.

पुढं दुकानाचं बस्तान बसत गेलं. संकेश्वरच्या गाडीचा कंडक्टर पोरांसाठी एक वेढा घेऊन गेला आणि पुढच्या खेपेला "इन्नू ऐदु बेकु," म्हणत पाच वेढे मागू लागला. मुलीनं कागलात आपल्या दारात फळी टाकली. तिथं कुणी विचारलं, कुणाचं सैन्य, की ती सांगायची, "नाक्यापलीकडचं." कागलहून बघितलं की नाक्यापलीकडं निपाणी येते, पण त्यामुळं कुणाचं अडलं नाही. संध्याकाळी माल द्यायला निघालेल्या बिडीवाल्या बायका आता पुढच्या दारानं जाऊ लागल्या. डोक्यावर पाट्या घेऊन खिडकीशी थांबत, दिवसभराच्या बातम्या टाकत. त्यात तानीबाईही असे. खोकला हिवाळ्यात डोकं वर काढी, पण बायडाबाई दवाखान्याचा जिना चढून डॉक्टरांनाच एक तोफ देऊन आली होती.

मनातली एक भीती मात्र गेली नव्हती. ती मागच्या अंगणात पाऊल टाकत नसे. हळदीकुंकू असो की भांडण, दारात उभी राहून बोलायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

असं होता होता पंच्याऐंशी साल आलं. अंबू कॉलेजात जाऊ लागली होती, भावकू आप्पा अजून तिच्याकडून हरत होते. त्या श्रावणात सुलाबाईला थंडीताप आला. तीन दिवस माल गेला नव्हता. आज नाही गेला तर मेस्त्री नाव कमी करेल, असा निरोप आला. सुलाबाई अंगणात भिंतीला टेकून, घोंगडं पांघरून बिड्या वळत होती आणि हात इतके थरथरत होते की पान फाटत होतं. बायडाबाईनं दारातून ते पाहिलं. तिनं खिडकी लावून घेतली, पदर नाकावरून बांधला आणि सात वर्षांनी अंगणात आली.

"आक्का, सरक. आन ते सूप."

"न्हाय. तू जा पुढं."

"एक दीस. काय व्हतंय ते हुंदे."

सूप मांडीवर आलं. ओझं तेच होतं, जागा तीच होती. तंबाखूचा वास भपकन नाकात शिरला आणि पदराआडूनही डोळ्यांत पाणी आलं. बायकांनी जागा करून दिली, कुणी पाण्याचा तांब्या दिला. आणि काय सांगावं, तिला बरंही वाटलं. एवढ्या वर्षांच्या साचलेल्या गोष्टी होत्या. तानीबाईनं आपल्या सुनेचं सांगायला सुरुवात केली, हिनं कागलच्या विहिणीचं सांगितलं. हात चालू लागले. पान, वळण, दुमड, दोरा. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा तिच्यापुढं छान ढीग झाला होता. ती मनात खचली होती. बघा, तिला वाटत होतं, सात वर्षांनीसुद्धा हात विसरले नाहीत.

सुलाबाईनं बिड्यांची जुडी, म्हणजे कट्टा, बांधायला म्हणून मूठभर उचलल्या. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं एक बिडी बोटांत दाबली, ती चपटी झाली. दुसरी दाबली, तीही झाली. तिनं ती डोळ्यांजवळ नेली. टोकाला फेटा होता. मधोमध शेला बांधलेला होता.

"बायडा," सुलाबाई तापानं खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "ह्यात तंबाखू कुठं हाय गं?"

बायडाबाईनं खाली पाहिलं. सुपातला तंबाखूचा ढीग सकाळी होता तसाच होता, त्यावर बोटाची खूणसुद्धा नव्हती. पुढं पडलेले सगळे रिकामे शिपाई होते, माती भरून घ्यायची वाट बघत असलेले. तिनं दोन्ही हात उचलून तोंडापुढं धरले, उलटसुलट करून पाहिले. आधी तानीबाई हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि बायडाबाई हसता हसता कधी रडायला लागली ते तिला कळलं नाही. पोटापासून रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

सुलाबाईनं ते सगळे शिपाई गोळा केले, बायडाबाईच्या ओच्यात घातले आणि मांडीवरचं सूप ओढून घेतलं. "जा. माती भर जा त्यात. माझी पानं नासलीस समदी."

उरलेल्या पानांच्या बिड्या सगळ्याजणींनी मिळून वळल्या, तरी माल कमीच भरला. संध्याकाळी सुलाबाई तानीबाईच्या खांद्यावर हात टाकून, घोंगडं पांघरूनच रांगेत उभी राहिली. मेस्त्रीनं कट्टे मोजले आणि कपाळाला हात लावला. "एवढाच माल? घरात जाऊ हाय न्हवं तुझी? तिनं जरा हात लावला आसता तर?"

सुलाबाईनं घोंगडं सावरलं, आणि रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "माझ्या जावंला बिडी वळाया येत न्हाय."